घोट्याकडे बघा, लघवी तपासा



झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम ऐन भरात असताना गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात व्याख्यान ठेवायचं, म्हणजे संयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. तुमच्यापैकी निम्म्यांना रात्री कुठल्या ना कुठल्या मंडपात पोहोचायचं आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून प्रस्तावना टाळतो आणि थेट एका रुग्णाकडे येतो.

१९०४ सालचा डिसेंबर महिना. ग्रेनाडा बेटावरून दातांचा डॉक्टर व्हायला शिकागोला गेलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण खोकला आणि ताप घेऊन तिथल्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात. यातल्या कितीतरी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे प्रकरण छापलं आणि सिकलसेल वैद्यकाच्या पुस्तकात आला. इथवर सगळेच सांगतात. पण हेरिक यांच्या त्याच लेखात नोएलच्या पायांवरच्या जुन्या, भरून आलेल्या जखमांचे वण नोंदलेले आहेत. त्याला लघवी जास्त होते आणि ती पातळ असते, हेही नोंदलेलं आहे. म्हणजे आजाराला नाव मिळायच्या आधीच पहिल्या रुग्णाच्या कातडीने आणि किडनीने आपलं म्हणणं मांडून ठेवलं होतं.

पुढची शंभर वर्षं आपण वाकड्या पेशीच्या मागे लागलो आणि दुखण्याच्या मागे लागलो. त्यात गैर काही नाही. सिकलसेलचं दुखणं ज्याने घरात पाहिलं आहे त्याला त्याबद्दल सांगायची गरज नाही. पण पाय आणि लघवी मागे राहिले ते राहिलेच. आज मला त्या दोघांबद्दल बोलायचं आहे.

संयोजकांनी विषय दिला होता, ‘रक्तातल्या प्रथिनांचे दुर्मीळ आजार आणि त्यांचा किडनी व कातडीवरचा परिणाम’. पुण्या-मुंबईत हा विषय निघाला की अमायलॉयडोसिस, क्रायोग्लोब्युलिनेमिया अशी जीभ अडखळवणारी नावं पुढे येतात. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्यातलं एक तुमच्या जिल्ह्याशी चांगलंच बांधलेलं आहे. पण वैनगंगेच्या या काठावर रक्तातलं बिघडलेलं प्रथिन म्हटलं की आधी हिमोग्लोबिन आठवलं पाहिजे. तेही प्रथिनच आहे. ते बिघडलेली माणसं इथे गावागावात आहेत. किडनी आणि कातडी या दोन्हींवर त्याचा हात पडतो.

बिघाड केवढा, तर एका दाण्याएवढाही नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं बदललं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, की झाला सिकलसेल. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हा रेणूचा आजार आहे. त्याआधी कुठल्याही आजाराबद्दल असं कुणी म्हटलं नव्हतं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल, ते काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. हे बदललेलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोबत असेपर्यंत शहाण्यासारखं वागतं. प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, पेशी ताठ होते, वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते किंवा फुटते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते; ही दोन-तीन आठवडेही धड टिकत नाही. ‘अंगात रगत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही तो सापडला, आणि ते मजूर मूळचे मध्य आणि पूर्व भारतातून नेलेले होते. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. विदर्भाचं नाव या नकाशावर इतकं जुनं आहे. आणि हा फक्त आदिवासींचा आजार आहे, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती. इथल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही तो आहे, हे तुमच्या आशाताई मला शिकवतील. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत या आजारावर कित्येक वर्षं काम केलं. १९८० च्या दशकात गडचिरोलीत आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीलाच इथे सिकलसेलची पाहणी केली. डॉ. अभय बंग यांनी पुढे त्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं आहे. संशोधकाला महत्त्वाचा वाटलेला प्रश्न लोकांना आपला वाटला नव्हता.

लोकांना तो आपला का वाटला नसेल? माझं उत्तर असं, की आपण त्यांच्यापुढे ठेवला तो रक्ताचा अहवाल. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. आईला दिसतं ते वेगळंच असतं. तिला दिसतं की पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं करतं. तिला दिसतं की ते रात्री दोनदा उठून तांब्याभर पाणी पितं. शाळेत गुरुजी ओरडतात, कारण तासातून दोनदा बाहेर जायला मागतं. या तक्रारीसाठी कोणी दवाखान्यात येत नाही. आलंच तर ‘मोठं झालं की जाईल’ असं सांगून आपण परत पाठवतो.

आता या अंथरुणाकडे किडनीच्या बाजूने बघू. किडनीचा बाहेरचा भाग रक्त गाळतो, आतला भाग पाणी परत ओढून लघवी घट्ट करतो. हा आतला भाग मुद्दाम कोरडा आणि खारट ठेवलेला असतो, त्याशिवाय पाणी ओढलं जाणार नाही. तिथे रक्त संथ वाहतं, प्राणवायू कमी असतो, आम्लता जास्त असते. सिकल पेशीला वाकायला जे जे लागतं ते सगळं एका जागी मांडून ठेवलेलं! त्यामुळे शरीरात बाकी कुठे काही दिसायच्या आत इथल्या बारीक रक्तवाहिन्या बुजायला लागतात. लघवी घट्ट करायची शक्ती लहानपणीच कमी होते. रात्रभर पातळ लघवी भरपूर तयार होते आणि अंथरूण ओलं होतं. अगदी लहान वयात रक्त दिलं तर ही शक्ती काही काळ परत येते. मोठेपणी दिलं तर येत नाही. बालपणात एक दार काही वर्षं उघडं असतं आणि मग ते बंद होतं.

म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे. सिकलसेलच्या मुलाला बाहेर जाऊ द्या आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या. त्या मुलाची किडनी पाणी राखू शकत नाही, त्यामुळे त्याने तहान मारली तर रक्त लगेच घट्ट होतं आणि दुखणं उसळतं. हाच नियम मोठ्यांना. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरलेली बाई दुपारी परतेपर्यंत किती पाणी पिते? धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात उभी राहणारी? ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला दवाखान्यात द्यायला सोपा आहे. पाणी बरोबर कसं न्यायचं, पानं गोळा होतात त्या फळीवर ते कोण पोहोचवणार, हे ठरवलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

वाहकांबद्दल इथेच एक गोष्ट सांगतो, कारण त्यावरून गावात नको त्या अफवा पसरतात. एएस असलेला माणूस रुग्ण नसतो. त्याला लग्नापासून, कामापासून, पोलीसभरतीपासून दूर ठेवायचं कारण नाही. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची असते, एवढं दोघांना आधी कळलेलं असावं. पण वाहकाच्याही किडनीचा तो आतला भाग थोडा कमजोर असू शकतो. कधीतरी न दुखता लाल लघवी होते, बहुतेक वेळा डाव्या किडनीतून, कारण डाव्या किडनीची शीर लांब आहे आणि दोन रोहिण्यांच्या मधून जाते, तिथे दाब येतो. अशी लघवी दिसली की मुतखडा समजून औषध घेत बसू नये, आणि करणी झाली म्हणून पुजाऱ्याकडेही धावू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.

आता किडनीच्या बाहेरच्या, गाळणाऱ्या भागाकडे. इथे फसवणूक होते. सिकलसेलच्या तरुणाचा क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनी रक्तातून गाळते त्या टाकाऊ पदार्थाचा, अहवाल बघा: ०.५, ०.६. डॉक्टर म्हणतो, किडनी उत्तम. प्रत्यक्षात सुरुवातीची काही वर्षं ही किडनी गरजेपेक्षा जास्त गाळत असते. रक्त कमी असल्यामुळे हृदय जोरात पंप करतं, किडनीकडे जास्त रक्त येतं, गाळण्या ताणावर चालतात. काही गाळण्या बसतात. जोडीतला एक बैल बसला की दुसरा दोघांचं ओझं ओढतो, आणि तोही लवकर बसतो. त्यातून या रुग्णांचं अंग किरकोळ, स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीन मुळातच कमी तयार होतं. वर त्यांची किडनी ते नळ्यांतूनही जास्त बाहेर टाकते. म्हणजे निम्मं काम संपेपर्यंत अहवाल नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. प्रयोगशाळेने छापलेली ती चौकट धडधाकट माणसासाठी आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं ०.६ वरून १.० झालं तर मला घाम फुटतो, मग छापील कागद काहीही म्हणो.

खरी खूण लघवीत असते. गाळणी फाटायला लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ही तपासणी सांगितली आहे. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. अभियानाचं मी मनापासून स्वागत करतो. पण सात कोटी लोकांचं रक्त तपासल्यावर जे रुग्ण हाती लागतील त्यांची लघवी कोण तपासणार, हा प्रश्न त्या आकड्याइतक्या मोठ्याने कोणी विचारत नाही. मोजणीत आपण हुशार आहोत. मोजणीनंतर आपली दमछाक होते.

आणि आता दुखण्याच्या सुईबद्दल. सिकलसेलचं दुखणं उठलं, दवाखाना लांब, मग गावात फिरणारा कोणी डॉक्टर म्हणवणारा डायक्लोफिनॅकची सुई देतो. पंधरा दिवसांनी पुन्हा दुखतं, पुन्हा सुई. ज्या किडनीत आधीच रक्त कसंबसं पोहोचतं, तिचा रक्तपुरवठा हे औषध आणखी आवळतं. तुमच्याच जिल्ह्यात वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहं उघडली आहेत. गिधाडं का संपली? गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्या सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे मान्य. पण सिकलसेलच्या माणसाला ही सुई वारंवार देणाऱ्याने गिधाडाची गोष्ट एकदा ऐकून ठेवावी. पॅरासिटामॉल, पाणी, सलाईन, ऊब, आणि जास्त दुखत असेल तर रुग्णालयात मिळणारी ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखी औषधं, हा रस्ता आहे. मॉर्फिनला आपले डॉक्टर घाबरतात आणि डायक्लोफिनॅकला घाबरत नाहीत. मला हे उलटं वाटतं.

आता घोटा. सिकलसेलची जखम बहुतेक वेळा घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला होते. तिथे कातडीखाली चरबी नाही, रक्त वर चढायला सगळ्यात जास्त अंतर, आणि फुटलेल्या पेशींतून सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. एक डास चावतो, धानाचं काड लागतं, खाजवलं जातं. चार दिवसांत भरायची जखम चार महिने भरत नाही, आणि भरली तर वर्षभराने त्याच जागी पुन्हा उघडते. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांनी पाहिलेल्या रुग्णांत या जखमा घरोघर होत्या. त्याच सर्जंट यांनी ओडिशातल्या रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा त्या क्वचितच सापडल्या. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहतं आणि ते काड्या होऊ देत नाही, हे त्याचं एक कारण. यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असं वाक्य पुस्तकात बसलं आणि ते विदर्भालाही लागू झालं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांच्या मुलांवरच्या कामातून दिसलं की इथली मुलं त्या वाक्यात बसत नाहीत. त्यांचं दुखणं लहानपणीच सुरू होतं, आणि हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या कमी मात्रेनेही त्यांना चांगला फायदा होतो. गंमत अशी, की मोठ्या वयात हेच हायड्रॉक्सीयुरिया क्वचित घोट्यावर जखम करतं. म्हणून औषध चालू असलेल्याचेही मोजे काढून बघावे लागतात. इथे मोजे कोण घालतो म्हणा. चप्पल काढायला सांगितलं तरी पुरे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत पायावरची न भरणारी जखम बघितली की पहिला शब्द येतो तो कुष्ठरोग. वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं ते याच मातीत, तेव्हा हा संशय चुकीचा नाही. पण जागा बघा. कुष्ठरोगाची जखम तळव्यावर, जिथे भार पडतो तिथे, आणि तिला वेदना नसते, कारण मज्जातंतू मेलेले असतात. सिकलसेलची जखम घोट्यावर आणि तिचं दुखणं झोपू देत नाही. बोट लावून विचारलं तर निम्मं निदान झालं. ज्या मुलीच्या घोट्यावरच्या जखमेला गावाने कुष्ठरोग ठरवलं, तिचं लग्न कसं होतं, किंवा होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

कुष्ठरोगाचा विषय निघालाच आहे, तर ते वचन दिलेलं दुर्मीळ नाव घेतो. शरीरात वर्षानुवर्षं दाह धुमसत राहिला, क्षयाचा असो, कुष्ठरोगाचा असो, की पू वाहणाऱ्या जुन्या जखमेचा, तर यकृत सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन रक्तात ओतत राहतं. त्याचे तुकडे किडनीत साचतात. पायावर सूज येते, लघवीला साबणासारखा फेस येतो, आणि माणूस हळूहळू डायलिसिसच्या दारात पोहोचतो. हाच अमायलॉयडोसिस. किडनीचा तुकडा काढून काँगो रेड नावाच्या रंगाने रंगवला आणि विशिष्ट प्रकाशात पाहिला की कच्च्या सफरचंदासारखा हिरवा दिसतो. शहरात याचं दुसरं भावंड जास्त भेटतं, अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडून होणारं, ज्यात डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडतात आणि जीभ मोठी होते. आपल्या भागात मात्र क्षयाचं किंवा कुष्ठरोगाचं औषध पूर्ण करणं हाच किडनीचा विमा आहे.

सुरुवातीला घेतलेलं दुसरं नाव क्रायोग्लोब्युलिनेमिया. क्रायोग्लोब्युलिन म्हणजे थंडीत गोठणारी प्रथिनं. पायांवर जांभळे ठिपके, सांधेदुखी, लघवीत रक्त. मुळाशी पुष्कळदा हेपटायटिस सी. ही तपासणी करायची तर रक्त काढल्यापासून गोठेपर्यंत ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेत ठेवावं लागतं. वडशाहून हिवाळ्यात बसने नागपूरला पाठवलेल्या नळीत ही प्रथिनं वाटेतच तळाशी बसतात आणि अहवाल ‘नाही’ म्हणून येतो. आजार दुर्मीळ आहे की नळी थंड झाली, हे नागपूरला बसलेल्याला कळत नाही. असो.

तर करायचं काय? प्रत्येक एसएस रुग्णाची, दहा वर्षं पूर्ण झाली की वर्षातून एकदा, सकाळची पहिली लघवी तपासायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातली साधी पट्टी चालेल, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: यांची लघवी पातळ असते, त्यामुळे पट्टी कमी दाखवते. पट्टीवर ‘किंचित’ जरी आलं तरी ते सोडू नका; अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तरासाठी नमुना वर पाठवा. अल्ब्युमिन सापडलं तर एनालाप्रिलसारखी गोळी गळती कमी करते, हे १९९२ पासून माहीत आहे, आणि ती महाग नाही. सुरू केल्यावर पोटॅशियम तपासावं लागतं. गरोदरपणात ती चालत नाही, बाळाला धोका असतो. म्हणून लग्न झालेल्या मुलीला गोळी देताना पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी या, असं तिला आणि तिच्या सासूलाही सांगा. हायड्रॉक्सीयुरियाचंही तेच. आणि तपासणीची तारीख, निकाल, घोट्यावर जखम आहे की नाही, हे रुग्णाच्या सिकलसेलच्या कार्डाच्या मागे पेनाने लिहा. छापील रकाना येईपर्यंत थांबू नका.